दुसऱ्या पाळीचा हेरोद

(लालबाग, डिसेंबर १९८३. गिरण्यांच्या संपाला दोन वर्षं होत आली आहेत. चाळीतली गुणवंतीबाईंची खोली. मराठी चर्चचे तरुण पाळक जगदीश साळवे चहाचा कप घेऊन बसले आहेत. शेजारीण बकुळा नाताळच्या करंज्या लाटते आहे.)

गुणवंती: चहा गार होतोय, पाळकसाहेब. आधी तो प्या. मग काय ते वाईट सांगायला आलात ते सांगा.

जगदीश: वाईट असं काही नाही, गुणवंतीबाई. मी एवढंच म्हणत होतो की यंदाच्या नाताळच्या नाटकात आपण थोडा बदल करून पाहावा.

गुणवंती: करा की. पडदा बदला. मागल्या वर्षी वर गेला तो खाली आलाच नाही. मेंढपाळ बिचारे शेवटपर्यंत तसेच उभे.

जगदीश: पडद्याचं नाही म्हणत मी. हेरोदाचं.

बकुळा: आलं बघ, आक्का. मी बोलले नव्हते तुला? साहेब दोन दिवस तुझ्याकडे बघून नुसते हसतायत, काहीतरी आहे म्हणून.

गुणवंती: हेरोदाचं काय?

जगदीश: इतकी वर्षं हेरोद राजा तुम्हीच करता. उत्तम करता, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण कमिटीत असा विचार पुढे आला, की या वयात तुम्हाला त्रास नको. तो जड झगा, तो मुकुट, शिवाय एवढं ओरडायचं.

गुणवंती: कमिटीत कुणाच्या डोक्यात आला हा विचार?

जगदीश: सर्वानुमते.

बकुळा: म्हणजे कुणीच काय बोललं नाय. साहेब एकटेच बोलले.

जगदीश: बकुळाबाई, करंजी फाटतेय तुमची.

बकुळा: फाटू दे. हात कामात आहेत, कान मोकळेच आहेत.

गुणवंती: त्रासाचं म्हणाल साहेब, तर मागल्या वर्षी मरिया होताना हिला जास्त त्रास झाला. मोतीबिंदू. बाळ येशूला उलटा धरला होता हिनं. पाय वर, डोकं खाली.

बकुळा: लाइट कुठं होता ग तिथं?

गुणवंती: आणि आपल्या योसेफाला, त्या नर्सबाईंना, दमा. बेथलेहेमात पोचेपर्यंत दोनदा खाली बसल्या. त्यांना कुणी काढत नाही. माझ्यावरच का डोळा?

जगदीश: तुम्ही सिंहासनावरून पडलात, गुणवंतीबाई.

गुणवंती: पडले. आणि टाळ्या केवढ्या पडल्या ते बघितलंत ना? लोकांना वाटलं देवानंच ढकललं.

जगदीश: शिवाय दुसरी गोष्ट. पुरुषांची कामं स्त्रियांनी करायची, ही तेव्हाची अडचण होती. आता...

गुणवंती: अडचण कसली? तालीम संध्याकाळी, आणि बाप्ये दुसऱ्या पाळीला. आज ज्याला योसेफ केला तो उद्या गिरणीत. मग आमच्या महिला मंडळानं सांगितलं, तुम्ही कामाला जावा, आम्हीच सगळं होतो. राजे आम्ही, मेंढपाळ आम्ही, गब्रीएल देवदूत पण आम्हीच.

जगदीश: पण आता पुरुष घरीच आहेत.

बकुळा: घरी आहेत म्हणजे सुट्टीवर नाय आले, साहेब.

जगदीश: चुकलो. मला तसं म्हणायचं नव्हतं.

गुणवंती: असू द्या. ती जिभेनं फटकारते, मनात ठेवत नाही. पुढं बोला.

जगदीश: तुमच्यासाठी मी एक फार चांगलं पात्र शोधलंय. हन्ना संदेष्ट्री. लूकच्या शुभवर्तमानात आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. मंदिर सोडून कधी जात नसे. उपास आणि प्रार्थना करून रात्रंदिवस देवाची सेवा करत असे.

गुणवंती: किती वर्षांची म्हणालात?

जगदीश: चौऱ्याऐंशी.

गुणवंती: मग मी तेवढी झाले की करीन. अजून पुष्कळ वेळ आहे मला.

बकुळा: तोवर साहेब स्वतः म्हातारे होतील. मग ते हेरोद करतील.

जगदीश: बसून करायचं काम आहे, गुणवंतीबाई. बोलायलाही फारसं नाही.

गुणवंती: तेच तर. साहेब, आता नीट ऐका माझं. मला गाता येत नाही. एकदा गायनमंडळात घेतलं होतं, पुढच्याच रविवारी त्यांनी हात जोडले. विणकाम येत नाही. प्रार्थना लांबली की डोळा लागतो, ते तुम्हाला वरून दिसतच असेल.

जगदीश: दिसतं.

गुणवंती: देवानं मला एकच गोष्ट दिली. आवाज. गिरणीत वायंडिंगला होते. सुताच्या कांड्या भरायच्या, आणि शेजारणीला हाक मारायची तरी यंत्रांच्या वरून बोंब मारायची. त्यात हा आवाज तयार झाला. चाळीत लोक म्हणतात, भांडखोर म्हातारी. खोटं नाही. पण वर्षातून एक दिवस तोच आवाज मी देवाच्या कामाला लावते. तेवढाही काढून घेता?

जगदीश: देवाच्या कामाला, हे खरं. पण हेरोद म्हणजे बाळ येशूला मारायला निघालेला राजा...

गुणवंती: मग? हेरोद मिळमिळीत असला तर बाळाची काळजी कुणाला वाटणार? मी ओरडले की पुढची पोरं रडायला लागतात, आयांच्या पदरात शिरतात. आणि बाळ मिसर देशात सुखरूप पोचलं की तीच पोरं हसतात. बाळावर जीव जडतो तो तिथं. मरियेच्यानं होत नाही ते, ती नुसती बसून असते.

बकुळा: ए, माझ्यावर नको घसरू.

गुणवंती: आणि खरं सांगू? मला मजा येते. त्या दिवशी मला माझे गुडघे आठवत नाहीत. देवाची सेवा आनंदानं करा असं तुम्ही दर रविवारी सांगता. मी आनंदानं करते, तर म्हणता बसून करा.

जगदीश: तसं नाही हो.

गुणवंती: कसं ते सांगा मग. तुमचा कप केव्हाचा रिकामा झालाय, आणि तुम्ही मघापासून रिकाम्या कपातून चहा पिताय. पाळक झालात, पण खोटं बोलायला अजून जमत नाही तुम्हाला.

जगदीश: खरंच सांगू?

बकुळा: मी जाऊ का बाहेर?

गुणवंती: बाहेरून ऐकशीलच. बस इथंच.

जगदीश: शमुवेलला हेरोद करावं असं माझ्या मनात आहे.

गुणवंती: माझ्या शमूला?

जगदीश: वर्ष झालं, तो उपासनेला आलेला नाही. मी येतो, गॅलरीत त्याच्याशेजारी बसतो. सलामाला सलाम, पुढे शब्द नाही. एकदा म्हटलं, रविवारी दाराशी उभा राहा, लोकांच्या हातात गीतांची पुस्तकं दे. तर म्हणाला, साहेब, दया नको. मग वाटलं, हा माणूस राजा झाला तर? एकदा मोठ्यानं ओरडला तर? आत काय साचलंय ते तरी बाहेर येईल.

गुणवंती: विचारलंत त्याला?

जगदीश: विचारलं. म्हणाला, ती जागा भरलेली आहे. तेवढंच. म्हणून मला वाटलं, जागा रिकामी झाली तर...

बकुळा: आक्का? काय झालं ग?

गुणवंती: काही नाही. गिरणीनं ह्या चाळीतल्या तिघांना परत घेतलं. हा गेटवर गेला आणि तसाच परत आला. तेव्हापासून जेवतो, झोपतो, गॅलरीत बसतो. सून शाळेत आया म्हणून लागली, ती दमून येते, तिच्याशीही बोलत नाही. मला वाटायचं हे मला एकटीलाच दिसतंय.

जगदीश: दिसतं, गुणवंतीबाई. सगळ्यांना दिसतं.

गुणवंती: मग असं सरळ सांगायचं. त्या हन्नाला कशाला मध्ये घातलंत?

जगदीश: मग तुम्ही सोडाल हेरोद?

गुणवंती: पोरगं बोलणार असेल तर सोडीन. रडत सोडीन, पण सोडीन. फक्त तुम्ही आता गप्प राहायचं. त्याला विचारायला जायचं नाही, कमिटीत बोलायचं नाही. त्याच्या तोंडून आवाज काढायचा ना? ते माझ्यावर सोडा.

बकुळा: हिचं तोंड बघा, साहेब. काहीतरी लफडं शिजतंय.

गुणवंती: तू करंज्या लाट.

* * *

गुणवंती: "या, ज्ञानी मागी लोकहो, या. पूर्वेकडून एवढ्या लांबून आलात. सांगा बघू, तुमचे उंट कितीला घेतले?"

शमुवेल: आई.

गुणवंती: "कितीला घेतले, आणि वैरण कुठली घालता त्यांना?"

शमुवेल: आई, काय चाललंय?

गुणवंती: तालीम करतेय, शमू. नाटक जवळ आलं. तू बस गॅलरीत, दार लोटून घे हवं तर.

शमुवेल: उंटांचं नाय तिकडे.

गुणवंती: मग काय आहे?

शमुवेल: तारा कधी दिसला, ते विचारतो तो.

गुणवंती: हां, तारा. वय झालं बाबा, राहत नाही डोक्यात. "मागी लोकहो, तारा तुम्हाला दिसला, मग मला का कळवलं नाही? मी काय इथं झोपा काढतो?"

शमुवेल: असलं काय नाय ग त्यात. "खरं सांगा, तो तारा तुम्हाला कोणत्या वेळी दिसला?" बस. एवढंच.

गुणवंती: एवढंच? मला वाटलं जास्त आहे. बरं, पुढचं. "या राज्यात भोंगासुद्धा मला विचारून वाजतो. एक तान्हं पोर माझं काय करणार?"

शमुवेल: सूर्य.

गुणवंती: काय?

शमुवेल: "सूर्यसुद्धा मला विचारून उगवतो." भोंगा कुठनं आला?

गुणवंती: आला तोंडात. दोन वर्षं कानावर पडला नाही, म्हणून असेल.

शमुवेल: तो वाजत नाय तरी मला त्याच टायमाला जाग येते. रोज.

गुणवंती: माहीत आहे. मी पण जागीच असते.

शमुवेल: मग बोलत का नाय?

गुणवंती: तू बोलत नाहीस म्हणून. बरं, हे बरोबर आहे का बघ. "सूर्यसुद्धा मला विचारून उगवतो एक तान्हं पोर माझं काय करणार."

शमुवेल: केळी विकतेस काय? असं एका दमात नाय बोलायचं. तूच दरवर्षी करायचीस ना? मी लहान असल्यापासून ऐकतोय. तू भाकऱ्या थापताना बोलायचीस, आम्ही ताट घेऊन समोर बसायचो. "एक तान्हं पोर." मग थांबायचं. सगळ्यांच्या तोंडावरून नजर फिरवायची. मग हसायचं. मग बोलायचं.

गुणवंती: कसं? नीट समजलं नाही मला.

शमुवेल: थांबायचं ग.

गुणवंती: दाखव ना एकदा. उभा राहून दाखव.

शमुवेल: "या राज्यात सूर्यसुद्धा मला विचारून उगवतो. एक तान्हं पोर... माझं काय करणार?"

गुणवंती: ऐकू नाही आलं. शेवटच्या बाकावर कोण असतं, तर लिमयेबाई. त्या बहिऱ्या आहेत.

शमुवेल: "माझं काय करणार? कापून टाका! बेथलेहेमातलं एकही पोर शिल्लक ठेवू नका!"

बकुळा: काय झालं? कोण कुणाला कापतंय? माझ्या हातातनं कढई सुटली.

गुणवंती: काही नाही, बकुळा. हेरोद आला.

बकुळा: हा शमू ओरडला? आपला शमू?

शमुवेल: आई, तू मुद्दाम चुकत होतीस.

गुणवंती: हो.

शमुवेल: पाळकांनी शिकवलं तुला.

गुणवंती: चुकायचं त्यांनी नाही शिकवलं. ते माझं डोकं. त्यांना फक्त तू हेरोद म्हणून हवास. मलाही हवास. मी थकले आता, तू कर.

शमुवेल: तू थकलीस? सकाळी नळावर दोघींशी भांडलीस.

बकुळा: तिघींशी. मी होते त्यात.

शमुवेल: नाय करणार मी.

गुणवंती: का पण? एवढा सुरेख आवाज लागला तुझा.

शमुवेल: तू चालतीबोलती असताना तुला बाजूला करू, आणि तुझ्या जागी उभा राहू? त्याला काय बोलतात तुला माहीत आहे. बदली. गेटवर गेलो होतो त्या दिवशी आमच्या खात्याचा जॉबर काय बोलला सांगू? बोलला, तुझ्या मशिनवर, तुझ्या साच्यावर, तुझ्याच चाळीतला बाबुराव आहे, तो साचा नाय मिळणार. पलीकडच्या खात्यात एक साचा आहे, तिथला माणूस अजून संपात बसलाय. त्याच्या जागी बदली म्हणून उभा राहा, आत्ता घेतो. मी बोललो, नाय. तो माणूस कोण, मला माहीत पण नाय. पण त्याच्या पोटावर पाय देऊन मी आत नाय जाणार. एवढंच बोलून घरी आलो. अनोळखी माणसाची जागा घेतली नाय, आणि आईची घेऊ?

गुणवंती: हे तू मला सांगितलं नव्हतंस.

शमुवेल: सांगून काय होणार होतं? चूल पेटणार होती?

गुणवंती: नाही पेटणार. पण मला वाटत होतं त्यांनी तुला घालवलं. तू स्वतः परत फिरलास. मी ह्या गॅलरीत मान वर करून बसले असते, शमू. वर्षभर खाली घालून बसले.

बकुळा: मी पण.

शमुवेल: मावशी, तू रडू नको आता.

बकुळा: रडत नाय. डोळ्याचं आहे ते.

गुणवंती: शमू, एक सांग. संपाच्या आधी बाबुराव दुसऱ्या पाळीला तुझ्याच साच्यावर होता ना?

शमुवेल: होता. मी उतरलो की तो चढायचा.

गुणवंती: मग तेव्हा तो बदली होता का?

शमुवेल: तेव्हा? तेव्हा तो जोडीदार होता. साचा एक, पाळी वेगळी. त्यात कुणी कुणाची जागा घेत नाय.

गुणवंती: आपलं नाताळचं नाटक तेव्हा किती वेळा व्हायचं?

बकुळा: दोनदा. दुसऱ्या पाळीवाल्यांसाठी सकाळी, पहिल्या पाळीवाल्यांसाठी संध्याकाळी. संपात पाळ्याच गेल्या, मग एकदाच करायला लागलो.

गुणवंती: यंदा परत दोनदा करायचं. सकाळचा हेरोद मी. संध्याकाळचा तू. मी उतरले की तू चढ.

शमुवेल: कुणासाठी दोनदा? पाळ्या कुठं आहेत आता?

गुणवंती: हेरोदाच्या आहेत की. पहिली माझी, दुसरी तुझी.

शमुवेल: तू सोडणार नायस तर?

गुणवंती: सोडणार होते. आता कशाला सोडू?

बकुळा: थांबा, थांबा. आणि मरियेनं काय दोन्ही पाळ्या करायच्या? सकाळी पण बाळ, संध्याकाळी पण बाळ?

गुणवंती: तुला बसूनच तर असायचंय.

शमुवेल: मला मिशी लावायला लागेल?

गुणवंती: तुझी स्वतःची आहे ती काय आहे?

शमुवेल: ही राजाची नाय. ही बेकाराची आहे.

गुणवंती: मग माझी लाव. डिंक जरा जास्त घे, घाम आला की सुटते.

* * *

जगदीश: दोन हेरोद?

गुणवंती: दोन.

जगदीश: मी तुमच्याकडे एक हेरोद कमी करायला आलो होतो, गुणवंतीबाई.

गुणवंती: देवाच्या मनात वेगळं होतं.

जगदीश: कमिटीला काय सांगू मी? नाटक एक, राजा सकाळी बाई आणि संध्याकाळी बुवा.

गुणवंती: बायबलात हेरोद एकच आहे का, साहेब?

जगदीश: नाही. येशूच्या जन्माच्या वेळचा एक. योहानाला मारणारा दुसरा. पुढे प्रेषितांच्या कृत्यांत आणखी...

गुणवंती: मग मी कमीच मागतेय.

जगदीश: शमुवेल खरंच हो म्हणाला? तुम्ही काय जादू केलीत?

गुणवंती: काही नाही. मला पाठ असलेलं विसरले, आणि तो विसरलेलं आठवायला लागला. आता रोज संध्याकाळी तालीम करतो. काल सुनेला म्हणाला, मागी हो आणि समोर उभी राहा. ती बिचारी कामावरून आलेली, हातात पिशवी, तशीच उभी राहिली. हसत होती.

जगदीश: मी खरं तर असं योजलं होतं की तुम्हाला विश्रांती मिळेल आणि त्याला काम.

गुणवंती: विश्रांती मी मागितली होती का?

जगदीश: नाही.

गुणवंती: साहेब, तुम्ही मनानं चांगले आहात, म्हणून सांगते. आमच्याकडं एकाला उठवून दुसऱ्याला बसवलं, की बसणाऱ्याला पण सुख लागत नाही. दोघांना पुरेल एवढं काम वाढवा. देवाकडं काय कामाची कमी आहे?

जगदीश: बरोबर आहे. मग मी काय करू?

गुणवंती: बाकं लावा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी परत. तरुण आहात, उचलवतील तुम्हाला.

जगदीश: लावतो.

गुणवंती: आनंदानं लावा. सेवा आहे ती.

* * *

शमुवेल: आई, मी नाय जाणार बाहेर.

गुणवंती: आता? मागी लोक तिकडे उंटावरून उतरायला लागले.

शमुवेल: सकाळी तू झकास केलंस. संध्याकाळी पण तूच कर. झगा काढून देतो.

गुणवंती: झगा काढायचा नाही. काय झालं सांग आधी.

शमुवेल: पडद्याच्या फटीतून बघ. पहिल्या रांगेत कोण बसलंय.

गुणवंती: बाबुराव. बायकोपोरांना घेऊन.

शमुवेल: तो माझ्या साच्यावर, आणि मी त्याच्यासमोर पुठ्ठ्याचा मुकुट घालून उभा राहू? वर्षभर त्याच्या तोंडाकडे बघितलं नाय मी. जिन्यात दिसला तर परत वर चढतो. कोणी बोलावलं त्याला?

गुणवंती: मी.

शमुवेल: आई...

बकुळा: काय बाई आहे ही.

गुणवंती: बकुळा, बाळ सरळ धर. शमू, इकडं बघ. मी इतकी वर्षं कुणाकडं बघून ओरडत होते, माहीत आहे तुला?

शमुवेल: मागी लोकांकडे.

गुणवंती: आमच्या खात्याच्या मुकादमाकडे. दरवर्षी यायचा, पहिल्या रांगेत बसायचा. हिंदू माणूस, पण आपल्या करंज्या आवडायच्या त्याला. वर्षभर त्याचं ऐकून घ्यायचं, खाली मान घालून. आणि नाताळाला सिंहासनावर बसायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं, आणि सगळं ओरडून टाकायचं. तो टाळ्या वाजवायचा.

शमुवेल: त्याला कळायचं नाय?

गुणवंती: त्याला काय कळणार? पण मला कळायचं. ओरडून झालं की राग राहायचा नाही रे. शोधून सापडायचा नाही. खाली उतरून त्याच्या पोरांना करंज्या द्यायची, त्या मनापासून द्यायची. वैऱ्यावर प्रीती करा म्हणतात, ते मला गुडघे टेकून कधी जमलं नाही. मिशी लावून जमलं.

शमुवेल: आणि मला नाय जमलं तर? ओरडून पण राग तसाच राहिला तर?

गुणवंती: तर पुढच्या वर्षी परत ओरडायचं. दुसरी पाळी तुझीच आहे, कुठं जात नाही.

जगदीश: शमुवेल, मागी वर गेले. तुझी वाट बघतायत सगळे.

शमुवेल: बाकं तुम्ही लावली, साहेब?

जगदीश: हो. दोन्ही वेळा.

शमुवेल: मग फुकट नको जायला. जातो.

बकुळा: गेला.

गुणवंती: सकाळी एवढी भीती वाटली नव्हती. काय करतोय तो? साहेब, फटीशी तुम्ही आहात, सांगा.

जगदीश: सिंहासनावर बसला. मागींशी बोलतोय. छान बोलतोय. आता उठला. पुढे आला. बाबुरावाकडे बघतोय.

शमुवेल: "या राज्यात सूर्यसुद्धा मला विचारून उगवतो. एक तान्हं पोर..."

जगदीश: अरेच्चा, विसरला वाटतं. सांगू का पुढचं?

गुणवंती: गप बसा, साहेब. तिथं थांबायचं असतं.

शमुवेल: "...माझं काय करणार?"

बकुळा: आई ग. पोरं रडायला लागली.

गुणवंती: किती?

बकुळा: ऐक की. सगळीच.

गुणवंती: सकाळच्यापेक्षा जास्त?

बकुळा: जास्त.

गुणवंती: मेल्यानं मला मागं टाकलं.

जगदीश: गुणवंतीबाई, रडताय तुम्ही?

गुणवंती: रडतेय. मग काय झालं? वर्षभर ह्या घशातून आवाज निघाला नव्हता. बाबुराव काय करतोय?

जगदीश: बघतोय. हलत नाही. त्याची बायको पोराला थोपटतेय, आणि तो शमुवेलकडे नुसता बघतोय.

बकुळा: माझा मिसर देशाचा प्रवेश आला. आक्का, तू त्या पेटीवर पड जरा. सकाळपासून उभी आहेस.

गुणवंती: पडायचं काय त्यात? मी बाहेर जाऊन बसते. हेरोदाचा शेवटचा प्रवेश राहिलाय. इतकी वर्षं नाटक केलं, समोरून एकदा पण बघितलं नाही.

जगदीश: बाहेर जागा कुठे आहे? लोक दारापर्यंत उभे आहेत. बाबुराव आणि त्याची बायको तेवढी पोरं मांडीवर घेऊन बाकावर बसलीत, पण तिथंही दाटीच आहे.

गुणवंती: सरकेल तो थोडा.